मेंढीच्या डोक्यात सापडलेली वाट

हे वाचता वाचता एक छोटा प्रयोग करून बघा. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधून मोजायला सुरुवात करा आणि सातव्या दातापर्यंत जा. आता जिभेचं टोक त्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला, गालाच्या आतून फिरवा. तिथे एक बारीक उंचवटा लागतो. चिंचेचा नुसता विचार केला तरी तोंडाला पाणी सुटतं ना, त्यातलं बरंचसं पाणी इथून येतं. कानाच्या पुढे-खाली पॅरोटिड नावाची लाळग्रंथी असते. गालगुंड झालं की सुजते तीच ही. तिच्यात तयार झालेली लाळ साधारण पाच सेंटिमीटर लांबीच्या नळीतून गालात येते आणि या उंचवट्यावर बाहेर पडते.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी बीडीएस किंवा एमबीबीएस करत असेल तर त्याला या नळीचं नाव विचारा. झोपेतही सांगेल, ‘स्टेन्सन्स डक्ट’. व्हायव्हातला हमखास प्रश्न आहे हा. पण हा स्टेन्सन कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. जिऑलॉजीवाल्यांना तो दुसऱ्याच नावाने माहीत असतो, निकोलस स्टेनो. खडकांच्या थरांचा नियम सांगणारा. २०१२च्या जानेवारीत गूगलने त्याच्यासाठी डूडल केलं होतं, तेही या थरांचंच. माणूस एकच. मूळ डॅनिश नाव निल्स स्टेन्सन.

काही मुलं या लाळग्रंथी नसतानाच जन्माला येतात. काहींची नळी तोंडात उघडतच नाही. अशा बाळांकडे आणि त्यांच्या आयांकडे आपण कसं बघतो, याच्याशी निल्सच्या गोष्टीचा जवळचा संबंध आहे.

वेढ्यातलं कॉलेज

निल्सचा जन्म १६३८ सालचा, कोपनहेगनचा. वडील सोनार. डेन्मार्कच्या राजासाठीही त्यांनी काम केलेलं. तिसऱ्या वर्षी निल्स आजारी पडला आणि पुढची तीन वर्षं घरातच गेली. बरोबरीची मुलं बाहेर खेळायची आणि हा मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकत बसायचा. बरा होतो न होतो तोच वडील वारले. सोनाराच्या घरात वाढल्याचा एक फायदा मात्र आयुष्यभर टिकला. बारीक हत्यारं आणि सलाया हातात घेऊन नाजूक काम करायला त्याला कधी अवघड गेलं नाही.

शाळेत असताना शहरात प्लेग आला. त्याच्या शाळेतली दोनशेहून जास्त मुलं त्यात गेली. १६५६ मध्ये तो मेडिसिन शिकायला कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला, आणि दोन वर्षांत स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा घातला. लेक्चर्स बंद पडली. विद्यार्थ्यांनाही शहर राखायला तटावर उभं राहावं लागलं.

या काळातली त्याची एक वही आज उपलब्ध आहे. वहीला त्याने नाव दिलं होतं ‘केऑस’, म्हणजे गोंधळ. १६५९ मधले काही महिने तो जे जे वाचेल त्याची टिपणं यात काढत होता. खगोलशास्त्र, गणित, शरीरशास्त्र, रसायनं, जे हाताला लागेल ते. मधूनच तो स्वतःला दटावतो. आपण एका विषयावर टिकत नाही, या पुस्तकातून त्या पुस्तकात उड्या मारतो, ही खोड जावी म्हणून देवाची प्रार्थनाही करतो. मोबाइलवर दहा टॅब उघडे ठेवून अभ्यास करणाऱ्या कुणालाही ही वही आपलीच वाटेल. फरक इतकाच की मोबाइल नसतानाही तो विचलित होत होता.

सात एप्रिल

त्या काळी चांगलं मेडिसिन शिकायचं तर हॉलंडला जायचं, असं होतं. निल्सही निघाला आणि १६६० मध्ये ॲमस्टरडॅमला पोचला. तिथे गेरार्ड ब्लासियस नावाच्या डॉक्टरांच्या घरी त्याची राहायची सोय झाली. ते शिकवायचेही. निल्स बावीस वर्षांचा होता आणि येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

७ एप्रिलला त्याने मेंढीचं डोकं विकत आणलं. मेंदू बघायचा होता. पण मेंदूआधी डोक्यातल्या रक्तवाहिन्या बघून घेऊ, म्हणून त्याने एका बारीक नळीत सळई सरकवली. सळई थोडी आत गेली आणि एकदम मोकळी झाली. पुढे काही अडत नव्हतं. मग टक् असा आवाज आला. सळईचं टोक दातावर आपटलं होतं.

रक्तवाहिनी तोंडात उघडत नसते. म्हणजे ही रक्तवाहिनी नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. त्याने सरांना हाक मारली.

सरांनी बघितलं आणि म्हणाले, तू सळई जोरात दाबली असशील, मांस फाटून वाट झाली असेल. निल्सने तसं झालं नसल्याचं दाखवून दिलं. मग सरांचं दुसरं उत्तर आलं. असेल निसर्गाची एखादी गंमत, याच एका मेंढीत झालेला चुकार प्रकार. निल्सने पुस्तकं काढली. इंग्लंडच्या थॉमस व्हार्टनने चारच वर्षांपूर्वी ग्रंथींवर मोठं पुस्तक लिहिलं होतं. जबड्याखालच्या लाळग्रंथीची नळी त्यात होती. या नळीबद्दल एक ओळही नव्हती.

इथे बहुतेक विद्यार्थी थांबले असते. सर म्हणतात गंमत, पुस्तकात उल्लेख नाही, म्हणजे विषय संपला. निल्सने दुसरं डोकं आणलं, कुत्र्याचं. त्यातही नळी सापडली. एकदा दिसलं तर ती गंमत असू शकते. वेगळ्या प्राण्यात, त्याच जागी पुन्हा दिसलं तर ती रचना असते. लाळ येते कुठून, या प्रश्नाचं मोठं उत्तर त्या दोन डोक्यांत मिळालं.

क्रेडिट कुणाचं?

जुलैमध्ये निल्स लायडन विद्यापीठात गेला. तिथले प्राध्यापक सिल्व्हियस आणि व्हान होर्न यांना त्याने नळी दाखवली. त्यांनी ती माणसाच्या शरीरात शोधली, सापडली, आणि व्हान होर्न यांनी सगळ्यांसमोर दाखवताना तिला स्टेन्सनचं नाव दिलं. बावीस वर्षांच्या मुलाचं नाव शरीराच्या एका भागाला!

इकडे ॲमस्टरडॅममध्ये सर भडकले. ही नळी आपणच शोधली, पोराने ती चोरली, असं त्यांनी लिहायला आणि सांगायला सुरुवात केली. शब्द साधा नव्हता, चोर. परदेशात आलेला विद्यार्थी, पदवी हातात नाही, समोर नावाजलेले सर, ज्यांच्या घरी आपण राहिलो होतो ते. गप्प बसावं तर कायमचा डाग, बोलावं तर उद्धट ठरणार. ज्यांच्या प्रोजेक्टवर दुसऱ्याचं नाव लागलंय त्यांना हा पेच समजेल.

निल्सने कोपनहेगनमधल्या आपल्या मूळ गुरूंना, थॉमस बार्थोलिन यांना पत्र लिहून तारीखवार सगळं कळवलं. पण त्याचा खरा मुद्दा वेगळा होता. सरांनी छापलेलं वर्णन वाचा, तो म्हणाला. नळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेच त्यात धड आलेलं नाही. ज्याने ती पाहिली असेल त्याला निदान तिची दोन टोकं तरी सांगता यायला हवीत.

वाद बरीच वर्षं धुमसत राहिला. त्यात कटुताही आली. पण त्यातून निल्सने स्वतःला एक काम लावून घेतलं. आपण एका नळीवर नाव कमावलेलं पोरगं नाही, हे दाखवायचं तर डोक्यातल्या सगळ्याच ग्रंथी बघू. १६६२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. गालातल्या, टाळूतल्या, जिभेखालच्या ग्रंथी आणि त्यांची तोंडं त्यात होती. लाळेचा कच्चा माल धमन्यांतून येणारं रक्त पुरवतं, हे त्याने मांडलं.

त्याच पुस्तकात डोळे होते. तोवर समज अशी होती की अश्रू मेंदूतून झिरपतात. दुःख झालं की मेंदू पिळला जातो आणि पाणी डोळ्यांतून बाहेर पडतं. निल्सने वरच्या पापणीच्या आत उघडणाऱ्या बारीक बारीक नळ्या दाखवल्या. अश्रूंची वेगळी ग्रंथी आहे, आणि तिचं रोजचं काम डोळा ओला ठेवणं हे आहे. रडणं हे त्याच ग्रंथीचं जादा काम. कवींना हे फारसं आवडलं नसेल. पण लाळ आणि अश्रू ही एकाच पद्धतीची व्यवस्था आहे, एक ग्रंथी, तिची नळी आणि नळीचं तोंड, हे चोविशीतल्या एका मुलाने दाखवलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

पॅरिसमधलं न जन्मलेलं बाळ

पुढची दोन-तीन वर्षं तो स्नायूंच्या मागे लागला. त्या काळी हृदय म्हणजे शरीरातली भट्टी, जिवाचं आसन, असं काय काय मानलं जायचं. निल्सने हृदयाचे धागे उलगडून बघितले आणि १६६४ मध्ये सांगून टाकलं की हृदय हा स्नायू आहे. मांडीत जे धागे असतात तेच इथे. याच वर्षी त्याची आई गेली. कोपनहेगनला प्राध्यापकाची जागा निघाली होती, ती बार्थोलिन यांच्या नात्यातल्या माणसाला मिळाली. युरोपभर नाव झालेला मुलगा स्वतःच्या गावात बेकार राहिला. सामान बांधून तो पॅरिसला गेला.

पॅरिसमध्ये विद्वानांच्या एका बैठकीत, १६६५ मध्ये, त्याने मेंदूवर व्याख्यान दिलं. सुरुवातच अशी की मेंदूबद्दल मला काहीही माहिती नाही. देकार्तसारख्या मोठ्या तत्त्वज्ञाने मेंदू कसा चालतो याचं सुंदर यंत्र कल्पनेने उभं केलं होतं. निल्सने आदराने, पण स्पष्टपणे दाखवलं की ज्या ग्रंथीवर ते यंत्र उभं आहे ती ग्रंथी तशी हलूच शकत नाही.

पॅरिसमध्येच त्याच्या समोर एक मृत गर्भ आला. ओठ दुभंगलेला. एका हाताची बोटं जुळलेली. पोटातले अवयव उघड्यावर. सतराव्या शतकात अशा गर्भाला युरोपात एकच शब्द होता, राक्षस. अशी बाळं म्हणजे देवाचा कोप किंवा येणाऱ्या संकटाची खूण. नाहीतर आईचा दोष. गरोदरपणी तिने काहीतरी भयंकर पाहिलं, मनात नको ते आणलं, ससा आडवा गेला म्हणून ओठ सशासारखा झाला. त्यांची चित्रं छापून जत्रेत विकली जायची.

निल्सने त्या गर्भाला मेंढीच्या डोक्यासारखंच वागवलं. दिसतं ते एकेक करून लिहिलं, आणि बाहेरचं लिहून झाल्यावर हृदय उघडलं. फुफ्फुसांकडे जाणारी रक्तवाहिनी फार अरुंद होती. शरीराला रक्त नेणारी महाधमनी डाव्या कप्प्यातूनच निघायला हवी, ती दोन्ही कप्प्यांवर पाय ठेवून उभी होती. हे सगळं असूनही गर्भाच्या शरीरात रक्त कोणत्या वाटेने फिरत असेल, याचा त्याने विचार केला. वाट वेगळी होती, पण वाट होती.

हे निरीक्षण काही वर्षांनी बार्थोलिन यांच्या कोपनहेगनच्या नियतकालिकात छापून आलं आणि विसरलं गेलं. १८८८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या एतियेन फॅलो या डॉक्टरने हृदयाचे चार जन्मजात दोष एकत्र कसे येतात ते मांडलं. त्याला आज ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ म्हणतात. ओठ आणि नखं निळी पडणारी जी बाळं, त्यातल्या अनेकांना हा आजार असतो. त्यातल्या मुख्य गोष्टी निल्सने सव्वादोनशे वर्षं आधी पाहिल्या होत्या. १९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अशा बाळांवर पहिलं ऑपरेशन झालं. आज आपल्याकडेही ही ऑपरेशन्स नेहमी होतात.

दगडातले दात

१६६६ मध्ये तो फ्लॉरेन्सला पोचला. तिथल्या मेडिची घराण्याचे ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो दुसरे यांना विज्ञानाची हौस होती. त्यांनी निल्सला आसरा दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिव्होर्नोजवळ कोळ्यांना एक भलामोठा शार्क मिळाला. त्याचं डोकं ड्यूकनी निल्सकडे पाठवलं.

दात बघताना निल्स अडखळला. असेच त्रिकोणी दगड माल्टाच्या डोंगरात मिळायचे. लोक त्यांना सापाच्या जिभा समजून विषावर उतारा म्हणून गळ्यात बांधायचे. विद्वानांपैकी बरेच जण म्हणत, दगडात अशा आकृती आपोआप उगवतात, निसर्गाची गंमत आहे. हे शब्द निल्सने आधी कुठे ऐकले होते, ते तुम्हाला आठवत असेलच.

हे शार्कचेच दात आहेत, त्याने लिहिलं. मग समुद्रातला दात डोंगरातल्या दगडात गेला कसा? या प्रश्नामागे लागून १६६९ मध्ये त्याने छोटंसं पुस्तक काढलं. गाळाचे थर साचतात तेव्हा खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. साचताना ते आडवे असतात, तिरके झाले तर नंतर काहीतरी घडलंय. आज हे इतकं साधं वाटतं की याचं श्रेय कुणाला द्यावं असंही वाटत नाही. पुढच्या पावसाळ्यात ट्रेकला गेलात की सह्याद्रीच्या कड्यावर बघा. आपले थर गाळाचे नाहीत, लाव्हाचे आहेत. पण खालचा जुना, वरचा नवा, हा हिशोब तिथेही चालतो.

त्याच वर्षी प्रवासात इन्सब्रुकला त्याला एक वासरू दाखवण्यात आलं. डोकं प्रचंड मोठं. लोकांच्या लेखी अचाट प्रकार, निल्सच्या लेखी तपासायची वस्तू. डोकं उघडलं तर आत पाणी भरलेलं, आणि पाण्यामुळे मेंदूची वाताहत झालेली. त्याने फेर्दिनांदोंना पत्र लिहून कळवलं की हा आजार आहे. मोठ्या माणसांना आणि जनावरांना जसे आजार होतात तसे ते गर्भातही होऊ शकतात, आणि अंगाचा आकार त्यामुळे बदलू शकतो. एवढंच लिहिलं, पण यात मोठी गोष्ट आहे. विचित्र बाळ म्हणजे संकेत नाही, शिक्षा नाही. तिथे काहीतरी बिघडलेलं असतं, आणि जे बिघडतं त्याचं कारण शोधता येतं.

फाटक्या कपड्यातला बिशप

इथून पुढचं आयुष्य अनेकांना कोड्यात टाकतं. निल्स लुथरन घरातला. १६६७ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला होता. १६७२ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला बोलावून घेतलं, दोन वर्षं त्याने कोपनहेगनला शरीरशास्त्र शिकवलं, पण मन रमलं नाही. १६७५ मध्ये तो धर्मगुरू झाला, १६७७ मध्ये बिशप. हॅनोव्हरला त्याची लायब्नित्सशी गाठ पडली. कॅलक्युलसवाले लायब्नित्स तेच. एवढ्या चांगल्या वैज्ञानिकाने विज्ञान सोडावं याची त्यांना हळहळ वाटायची.

म्युन्स्टरला असताना तिथल्या बिशपच्या निवडणुकीत पैशांचे व्यवहार झाले, तेव्हा निषेध म्हणून तो पद सोडून निघून गेला. अंगठी आणि क्रॉस विकून पैसे गरिबांत वाटले. उपास इतके करायचा की शरीर पार खंगलं. जुना झगा घालून हिंडणाऱ्या या माणसाला कुणी बिशप म्हणून ओळखत नसे. १६८६च्या डिसेंबरमध्ये, उत्तर जर्मनीतल्या श्वेरिन गावात, पोटाच्या असह्य दुखण्याने तो गेला. वय ४८. मेडिचींनी त्याचा देह फ्लॉरेन्सला नेला. सान लोरेन्झो चर्चमध्ये त्याची कबर आहे. १९८८ मध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ म्हणून जाहीर केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी.

विज्ञान सोडून धर्माकडे गेला म्हणून त्याला नावं ठेवणारे आहेत, आणि त्याचसाठी त्याला हात जोडणारेही आहेत. आपल्याला दोन्हीची घाई नको. एवढं मात्र दिसतं की दुभंगलेल्या ओठाच्या गर्भाकडे बघताना त्याने देवाच्या कोपाचं सोपं उत्तर घेतलं नाही. पुढे बिशप होणाऱ्या माणसाने ते घेतलं नाही, हे जास्त महत्त्वाचं.

आणि ग्रंथीच नसतील तर?

आता सुरुवातीच्या त्या मुलांकडे येऊ.

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असतो तेव्हा तोंडाच्या आतल्या अस्तराला एक कोंब फुटतो. तो आत आत वाढतो, त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना पोकळी येते. त्याच निल्सच्या नळ्या. फांद्यांच्या टोकांना लाळ तयार करणाऱ्या पेशी येतात. अश्रूंची ग्रंथीही अशीच घडते. कोंबाला वाढ म्हणून सांगणारा एक निरोप आसपासच्या पेशींकडून येतो. तो निरोप म्हणजे एफजीएफ-१० नावाचं प्रथिन. हा निरोप निघालाच नाही, अर्धा निघाला किंवा ऐकणाऱ्या पेशींना तो कळला नाही, तर कोंब वाढत नाही. लाळग्रंथी लहान राहतात किंवा होतच नाहीत.

एफजीएफ-१०च्या जनुकात बिघाड असला की अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी दोन्ही कमी पडतात, हे स्वीडनमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून २००५ मध्ये कळलं. पुढच्याच वर्षी ‘एलएडीडी’ या सिंड्रोमचीही जनुकं सापडली. त्यात अश्रू आणि लाळेसोबत कान, दात आणि हाताची बोटंही वेगळी असतात, कारण बोटं घडवतानाही हाच निरोप लागतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने लाळ आणि अश्रू एकाच पुस्तकात शेजारी शेजारी ठेवले होते. शरीरही त्यांना एकाच चिठ्ठीवर तयार करतं.

हे दोष दुर्मीळ आहेत, म्हणूनच ओळखू येत नाहीत. लाळ दातांचं रक्षण करते. ती आम्ल धुऊन काढते आणि दातांना खनिजं परत पुरवते. ती नसेल तर दुधाचे दातही भराभर किडतात. मूल कोरडी पोळी गिळू शकत नाही, घासागणिक पाणी मागतं. घरचे म्हणतात, नखरे आहेत. शाळेत म्हणतात, ब्रश करत नाही, चॉकलेटं खातो. आईला म्हणतात, लक्ष नाही तुझं. एखादा सावध डेंटिस्ट जिभेखाली आणि गालात नळ्यांची तोंडं शोधतो, ती सापडत नाहीत, मग सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये कळतं की ग्रंथी नाहीतच. ग्रंथी नव्याने बसवता येत नाही. पण फ्लोराइड, कृत्रिम लाळ, डोळ्यांचे थेंब, सतत पाणी आणि नियमित तपासणी यांनी दात आणि डोळे पुष्कळ वाचवता येतात. काही बाळांत ग्रंथी असते, पण जबड्याखालच्या ग्रंथीची नळी तोंडात उघडलेली नसते आणि जिभेखाली फुगवटा येतो. तिथे छोटासा छेद देऊन वाट मोकळी करता येते. अट एकच, कुणीतरी नीट बघायला हवं.

आणि दुभंगलेला ओठ? आपल्याकडे ग्रहण लागलं की गरोदर बाईला अजूनही सांगतात, सुरी हातात धरू नकोस, भाजी चिरू नकोस, बाळाचा ओठ फाटेल. तुमच्या घरीही ऐकलं असेल. ओठ घडतो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. त्या वेळी कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही माहीत नसतं. त्याचा चंद्र-सूर्याच्या सावलीशी संबंध नाही. पण तसं बाळ झालंच तर आई आयुष्यभर आठवत राहते, त्या दिवशी मी काय चिरलं होतं? ससा आडवा गेला म्हणणारा युरोप आणि सुरी धरली म्हणणारे आपण, फार अंतर नाही.

पुढच्या ग्रहणाच्या वेळी घरात वहिनी, ताई किंवा शेजारची काकू गरोदर असेल आणि कुणी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, तर वाद घालायची गरज नाही. एवढंच सांगा की ओठ कधी घडतो. आणि एखाद्या मुलाचे दात सगळे काळे पडलेले दिसले, तर त्याच्या आईवर बोट ठेवण्याआधी त्याला एक विचारा, तुझं तोंड कोरडं पडतं का रे?